लिफ्टमधून गेलेली मशीन

एका माणसानं विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर, एकानंही नाही! घसा बसेस्तोवर सांगत होते, मी मशीन दिलेली नाही, दिलेली नाही, दिलेली नाही, आणि अख्खी इमारत आपली मान डोलावतेय, "असू दे हो, देऊन टाकल्यावर जीव तुटतोच." जीव तुटतो म्हणे! माझी शिवणाची मशीन गेली, पोटावर पाय आला, आणि ह्यांच्या लेखी मी दानशूर!

तुम्हाला आमच्या इमारतीची रीत ठाऊक नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे नकोशी झालेली वस्तू भंगारात घालत नाहीत, लिफ्टमध्ये ठेवतात. ठेवायची, तळाचं बटण दाबायचं, बाहेर पडायचं. मध्ये ज्याच्या मजल्यावर दार उघडेल त्याला हवी असली तर त्यानं घ्यायची, नको असली तर पुढं धाडायची. देणाऱ्यानं विचारायचं नाही कुणी नेली, घेणाऱ्यानं विचारायचं नाही कुणाची. आता तुम्ही म्हणाल, हा काय चोरटेपणा? अहो, पूर्वी हातातच द्यायचे. पण तिसऱ्या मजल्यावरच्या शांतताबाईंनी एका पोराला स्वेटर दिला आणि जिन्यात दिसेल तिथं त्याला उभा करायच्या, "बघा बघा, आमचा स्वेटर कसा खुलतोय ह्याला!" शेवटी ते लेकरू कुडकुडत शाळेत जायला लागलं, पण स्वेटर घालेना. तेव्हापासून लिफ्ट. लिफ्टला तोंड नाही, हा तिचा मोठा गुण.

तर त्या दिवशी... थांबा, आधी कोटांचं सांगते. दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईंनी मला कोट शिवायचं काम दिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम, नाहीतर आहेच आपलं, ह्याचा परकर, त्याची उसवलेली पँट. आणि बजावलेलं, "शनिवारी कोट मिळाले तर पुढचं सगळं काम तुमचं. नाहीतर बाजारातला टेलर आहे." आणि नेमकी त्याच आठवड्यात मशीन टाके सोडायला लागली. म्हटलं, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून तेलपाणी करून आणावं. हातमशीन माझी, लाकडी पाटावर बसवलेली. दिसते एवढीशी, उचलायला गेलात तर कंबर हातात येते. कशीबशी लिफ्टपर्यंत नेली, आणि आठवलं की घराची किल्ली आतच राहिली. आता मी काय दूधखुळी? मशीन मुद्दाम अर्धी दारात ठेवली, म्हणजे दार मिटणार नाही, लिफ्ट हलणार नाही. किल्ली घेऊन येते तो काय... दार बंद! लिफ्ट खाली! चार मजले धावत उतरले. तळाला लिफ्ट उभी, आत कोणी नाही, मशीन नाही, चिंधीसुद्धा नाही.

आता तुम्हीच सांगा, दारात अर्धी ठेवलेली मशीन आपण होऊन आत जाईल? कुणीतरी ढकलली! हेच मी सेक्रेटरींना सांगितलं. ते दात कोरत म्हणाले, "वहिनी, तुमच्या मजल्यावर राहतं कोण? तुम्ही आणि तुमचे हे. मग मशीनला काय पाय फुटले?"

आणि तेच मग सगळ्यांनी उचललं. वॉचमन म्हणतो, मशीनला पाय फुटले का. दूधवाला म्हणतो, मशीनला पाय फुटले का. इमारतीच्या ग्रुपवर मी एकेक अक्षर टिपून लिहिलं, "मशीन चुकून गेली आहे परत करा", तर खाली सगळ्यांचे जोडलेले हात! मला आशीर्वाद देताहेत!

माझा पहिला संशय शांतताबाईंवर. माझी मशीन त्यांच्या डोक्यावर चालायची, आणि बाईंना शांतता हवी म्हणून तर नाव पडलं. गेले दारात. तर म्हणतात कशा, "मी कशाला ढकलू? पण खरं सांगू, परवा दुपारी मला झोप लागली हो!" झोप लागली! माझ्या पोटावर उशी ठेवून झोपली बया!

आणि घरी आमचे हे. ह्यांना सगळे मौनीबाबा म्हणतात. दिवसाला दोन वाक्यं, त्यातलं एक "भाजीत मीठ कमी आहे." मी डोकं धरून बसलेली, आणि हे चहा करून आणतात. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला साखरेचा डबा सापडलेला नाही, आणि चहा! वर म्हणतात, "गेली तर गेली. तुझ्या डोळ्यांना आराम." म्हटलं, अहो, आराम काय चावायचाय? तर पेपर तोंडापुढं. तोही हातभर लांब धरलेला. "चष्मा कुठाय?" "दुरुस्तीला दिलाय." संपली दिवसाची वाक्यं.

आणि त्यात लोकांची दया! वहिनींनी पोटापाण्याची मशीन दिली, म्हणजे हिची नजर गेली असणार, असं कुणीतरी पिकवलं. झालं! लिफ्ट आमच्या मजल्यावर भरून यायला लागली. काठी आली. कमोडची खुर्ची आली. अहो, मी अजून एका दमात सुई ओवते, आणि मला कमोडची खुर्ची!

शेवटी शुक्रवारी दुपारी, नर्सबाईंना काय तोंड दाखवायचं ह्या विचारात जिना उतरत होते, आणि दुसऱ्या मजल्यावर पाय थबकला. खट्खट, खट्खट, कुंई... तिसऱ्या खटक्याला ती कुंई माझ्याच मशीनची! आईला लेकराचं रडणं कळतं की नाही? बेल दाबली ती बोट काढलंच नाही.

दार उघडलं त्या घरच्या नव्या सूनबाईनं. पोट पुढं आलेलं, सातवा महिना असेल, हातात चिमटीएवढं झबलं, आणि त्यावर टाके असे, की सरळ निघालेला माणूस दारू पिऊन परतावा. मी तोंड उघडलं फाडफाड बोलायला, आणि ती पोरगीच म्हणाली, "मावशी, मशीन तुमची आहे का? बघा ना, टाके सोडते. माहेरी होती माझ्याकडे. इथं मी अजून ग्रुपवरही नाही, मागायची कुणाकडे? तर ही आपण होऊन आली."

आता ह्यावर काय ओरडणार, सांगा? म्हटलं, माझीच आहे, आणि मी दिलेली नाही. ती रडवेली झाली. "न्या मावशी, आत्ता न्या. आणि हेपण घ्या, मशीनवर राहिलं होतं. रीत आहे विचारायचं नाही, म्हणून जपून ठेवलं." आणि तिनं माझ्या हातावर चष्मा ठेवला. काडीला दोरा गुंडाळलेला. दोरा मी गुंडाळलेला!

चार मजल्यांची इमारत, त्यातले दोन मजले मी कशी चढले मला आठवत नाही. चष्मा ह्यांच्या पेपरावर ठेवला. ह्यांनी तो आधी डोळ्यांवर चढवला. मग, "तूच तर म्हणायचीस, धागा तुटला की, एक दिवस लिफ्टमध्ये ठेवते ही मशीन. मला वाटलं, ठेवलीस. गच्चीवरून उतरलो तर दारात अडकलेली, म्हणून घसरणारा चष्मा तिच्यावर ठेवला, ती आत ढकलली, बटण दाबलं आणि परत वर गेलो. तुझं मन बदलायच्या आत." आणि मग बोलला का नाहीत? "तू ओरडत होतीस."

कोट वेळेवर गेले. त्याच संध्याकाळी मिस्त्रीला दुसऱ्या मजल्यावर बोलावला आणि तिथंच बसून शिवले, तुरपाई त्या पोरीनं केली. तिचा हात सुरेख आहे, सरळ शिवायला मी शिकवीन. मशीन आता दुपारी खाली, सकाळी वर. आणि ती वर-खाली करायची कुणी, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण ग्रुपवर खरं लिहिलं तर अजून कुणी मानत नाही. "छे हो, ते? ते मुंगीलासुद्धा वाट देतात. तुम्हीच दिली आणि परत मागितली." म्हणून आता तुम्हालाच सांगते. विचारत होते ना सगळे, मशीनला काय पाय फुटले? फुटले होते. दोन. घरातल्या सपाता घातलेले. आणि त्या पायांचा धनी, मौनीबाबा.