वितीएवढी बोय

गळ टाकायला परवाना लागतो का, ठाऊक आहे का तुम्हाला? आमचे हे निवृत्त झाल्यापासून केळव्याच्या खाडीवर गळ टाकून बसतात. आठवडाभर हात हलवत परतले आणि परवा माझ्यासमोर पहिला मासा गळाला लागला, एक बोय.

शेजारी सुकट पसरणाऱ्या मावशींनी विचारलं, "परवाना हाय?"

"एका गळाला कसला परवाना?" यांनी उलट विचारलं.

"मंग आमचा नियम आयका. वितीहून लहान बोय पान्यात सोडायची." त्यांनी वीत लावली. बोय कमी भरली.

हे म्हणाले, "मावशी, तुमचा हात मोठा आहे. माझ्या वितीने मोजू."

"मासा लहान हाय, भाऊ. हात कशाला बदलता?"

यांनी बोय पाण्यात सोडली. पण वीत कोणाची धरायची, हे मलाही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे माझ्या शिलाई मशीनवरची टेप खिशात घालून खाडीवर गेले.