उजव्या हाताच्या ओळी

हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होते. शेजारी एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते. वडिलांचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला.

"बाबा, काल कॉम्प्युटरला हातच लावला नाहीत?"

"तो माझा राहिलाय कुठे? पडद्यावरच्या खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी बसतात. माउसला कामच नाही."

"म्हणून तर केलं. खिडक्या मांडणारा प्रोग्राम फुकट मिळतो, हवा तसा बदलता येतो. तीन रविवार घातले मी. सगळ्या आज्ञा डाव्या हाताच्या बटणांवर आणल्या."

"म्हणजे या हातावर तू पाणी सोडलंस."

"त्या प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल शेवटपर्यंत वाचलीत?"

"मला काय कळतंय त्यातलं!"

"खाली उजव्या हाताची बटणंही लिहिलीत. प्रत्येक ओळीआधी एक खूण आहे, म्हणून ती ओळ बंद आहे. खूण खोडली की चालू."

"किती ओळी?"

"बावीस."

"मग खोड की!"

"मी नाही खोडणार. तुम्ही खोडायच्या. त्याच हाताने."

वडिलांनी मांडीवरच्या हाताकडे पाहिलं.

"बाबा, आपला नंबर आला. उठताय ना?"

"थांब गं. एक खूण खोडायला किती बोटं लागतात?"

"एक पुरे."