खलनायकाचं रडू

सातारा स्टँडवर वाईच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे दोन निवृत्त फौजी उभे होते. मी पुस्तकात तोंड घालून ऐकत होतो. हे बरं नव्हे, हेही कळत होतं.

"सोपान, सिनेमातलं खलनायकाचं काम हाय न्हवं अजून?"

"आज रडलो तर हाय, तात्या. न्हाईतर गेलं."

"खलनायक कवापासनं रडाय लागला रं?"

"हिरोचा चेहरा हलत न्हाई. माझाबी न्हाई. काल दोघं समोरासमोर उभं राहिलो, तर दिग्दर्शकाला वाटलं कॅमेराच अडकला."

"मग हिरोला रडवा की."

"त्यो निर्मात्याचा जावई हाय."

"गड्या, ध्यानात ऱ्हातो त्यो खलनायक नुसत्या नजरेनं घाम फोडतो. रडत न्हाई."

"ते दिग्दर्शकाला सांग. तू गाडी येईस्तवर मला चिमटं काढ."

"मघापासनं काढतोय की."