तीन दिवस थांब

वर्ध्याला मनाच्या डॉक्टरांकडे जिजाबाईंचा नंबर होता सतरावा, आणि आत गेला होता चौथा. तेव्हा पुढच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं ऐकणं त्यांना भागच होतं.

"अनुप, झोप किती झाली?"

"सात तास."

"गोळ्या?"

"दोन्ही घेतल्या. आईले विचार."

"मंग बोल."

"देवळीच्या माहेराहून घरी चाल, माधवी. सोमवारीच कॅलेंडरवर लिहून ठेवलं मी. डॉक्टर म्हणते ना, कोणतीबी आयडिया आली तं तीन दिवस थांब. आज गुरुवार आहे."

"उंटाच्या टायमाले काऊन नाई थांबला?"

"तवा मले बायपोलरचा आजार आहे हेच कोणाले मालूम होतं?"

"जाम गावच्या चौकातून उंट आणला तू! सिंदी मेघेतल्या आपल्या घरी, दुसऱ्या मजल्यावर!"

"जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकला तो."

"शेजारचे दोन दिवस त्याच्या पोटाखालून ये-जा करत होते. अन् मले फोनवर काय म्हणे? पाहुणा घेऊन येऊन राह्यलो, चहा ठेव!"

"चुकलं माह्यं."

"तवापासून तुह्या एका शब्दावर भरोसा नाई मले."

"म्हणून तं लिहून राह्यलो."

माधवीनं त्याची फाईल आपल्याकडे ओढली.

"माधवी?"

"येईन मी. आजच येईन."

"हे आत्ताच ठरवलं तू?"

"हो."

"मंग तूबी लिही. तीन दिवस थांब."

जिजाबाईंनी कोणी न मागताच पिशवीतला पेन पुढे केला. माधवीनं फाईलच्या मागं लिहिलं.

"रविवारी. दहाच्या बसनं. स्टँडवर घ्यायले येजो."

"येतो."

"एकटाच येजो."