तळ्याला घातलेलं कुंपण

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, कचेरीतले माझे सहकारी आणि हातातली कामं टाकून आलेल्या बंधु-भगिनींनो,

तीस वर्षं तळं सांभाळलं म्हणून आज तुम्ही माझं तोंडभर कौतुक केलंत. आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवतायत, तेव्हा लांबण लावत नाही. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला आज जेवण जाणार नाही.

आपल्या तळ्याकाठी पाणकणीस वाढतं. चटईवाल्या काकू ते कापायच्या आणि चटया विणायच्या. मी तेव्हा नवा साहेब, अंगात भलता जोर. तळं वाचवायचं म्हणजे काय, तर कोणाला हात लावू द्यायचा नाही! कुंपण घातलं, कापणी बंद केली. काकू कचेरीत आल्या. म्हणाल्या, "साहेब, कापलं नाही तर कुजेल हो सगळं. आम्ही एक पट्टा कापतो, दोन राखतो. सासूबाईंनी तसंच शिकवलंय." मी काय म्हणालो असेन? "काकू, तळ्याचं आम्ही बघतो."

बघितलं ना! सहा वर्षांत पाणकणीस आडवं पडलं, कुजलं, त्याचा गाळ झाला. पाणी मागे हटलं, पाखरं यायची थांबली. आणि माझ्या अहवालात 'संरक्षण यशस्वी'. हसू नका, खरंच तसं लिहिलं होतं मी.

चूक कळली होती, मंडळी. कबूल करायची लाज वाटत होती. त्या लाजेत वर्षं गेली आणि लोकांची धुणीभांडी करता करता काकूही गेल्या.

गेल्या आठवड्यात बंदी उठवल्याचा कागद घेऊन मी त्यांच्या लेकीकडे गेलो. वाटलं, पोरगी खूश होईल. तिने कागद दोनदा वाचला. "साहेब, कधी कापायचं, बुडापासून किती वर कापायचं, मला कुठे येतंय? आई शिकवणार होती, तेव्हा तुमचं कुंपण आलं."

मला मान वर करवेना. गाळ उपसता येईल हो, पण काकूंच्या हातातलं आता कोणाकडून शिकायचं? फार वाईट वाटतं मला. रोज वाटतं.

असो. आपण सगळे आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. कुंपणाची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती काकूंकडे मागायची होती. त्या माझ्या टेबलासमोर अर्धा तास उभ्या होत्या, आणि मी त्यांना 'बसा'सुद्धा म्हणालो नव्हतो.