दुपारी दोनचा खेळ

— नाही नाही बाई, सही-बिही मी करणार नाही! माझ्या नातीला खालच्या तुकडीत बसवायचं म्हणजे काय गंमत आहे? पोरीचं डोकं चालेनासं झालं म्हणे! कशावरून? तर शाळेनं दिलेल्या त्या कॉम्प्युटरवरच्या कोड्यांवरून! अहो, परवा ठमीनं मला पत्त्यांत सलग चार डाव हरवलं — आणि मी मुद्दाम हरलो नव्हतो हां. बसा, बसा ना. ती खाली खेळतेय, सूनबाई सहाला कामावरून येईल. तिची वाट कशाला बघता, जे असेल ते माझ्याशी बोला. तिला यातलं काही कळायला नको — म्हणजे, दमून येते हो बिचारी, उगाच डोक्याला ताप.

हा बघा तुमचा खेळ. खोकी सरकवायची, वाट करायची, लाल खोकं दारातून बाहेर काढलं की वरची पायरी. तीनदा चुकलं की खालची. यात कसलं आलंय डोकं? चाळीस वर्षं गोदामात मुकादम होतो मी. ट्रक दाराला लागला की एक नजर टाकायची — कुठलं खोकं आधी, कुठलं मागून — बोटभर फट राहायची नाही! हमाल म्हणायचे, याच्या डोळ्यातच फूटपट्टी आहे. हे बघा, हे इकडे घेतलं की — नाही, थांबा, आधी हे — आता हे इथे होतं ना? कुठे गेलं मेलं... राहू दे. चष्मा नाही लावलेला. लावलाय? असू दे.

काय म्हणालात, महिन्याभरात आठव्या पायरीवरून तिसरीवर आली? यंत्र चुकत असेल. नाही चुकत? बरं. बघू तो कागद. तारखेशेजारी हे काय, वेळ? दोन दहा. दोन पंचवीस... अहो बाई, दोन वाजता ती कुठे असते? तुमच्यासमोर बाकावर! मग घरात कोण असतं? — असं बघू नका माझ्याकडे. हो, मीच. तिच्या नावानं उघडतो. रोज म्हणतो, आज जमेल. मुकादमाला खोकं सरकवता येईना, कुणाला सांगू? सुनेला? उद्यापासून पोरीला शाळेतून आणणं बंद होईल माझं. तेवढंच एक काम उरलंय हो. आणि सुनेचं तरी काय चुकेल — गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरून भलतीकडेच वळलो, ठमीच म्हणाली, आजोबा, इकडून — हे मी कशाला सांगत बसलोय तुम्हाला!

तर झालं. पोरीची काही चूक नाही. फाडा तो कागद. हवं तर तिलाच विचारा — विचारलंत? कधी? मग, काय म्हणाली? ...

‘मलाच हल्ली जमत नाही’? असं म्हणाली? खाली मान घालून? नाही? सरळ तुमच्याकडे बघून...

म्हणजे तिला माहीत आहे. मला एका शब्दानं बोलली नाही. आठ वर्षांची पोर, बाई — माझ्यापायी स्वतः मठ्ठ ठरायला निघाली!

नको, पाणी नको मला. जिन्यात पावलं वाजतायत, सूनबाईच ती. तुम्ही निघा आता. नाही, कागद राहू दे इथेच. माझं मी सांगतो तिला. निघा म्हटलं ना.