टॉर्च, काळी खोली आणि कलम चार

आधी टोपण खटकलं. टॉर्चचं मागचं टोपण हो, ज्यात बटण असतं ते. टॉर्च बोटाएवढी, खिशात पेनाशेजारी मावेल अशी, काळी कुळकुळीत, पकडीसाठी अंगावर बारीक खाचा, दिसायला अगदी देखणी... आणि टोपण फिरवलं तर आट्यांतून कर्र्‌ असा आवाज, फरशीवरच्या वाळूवर चप्पल घासावी तसा. मी दचकले. तर समोरच्या टेबलावरून आमचे साहेब, मान वर न करता, "आता टॉर्चलाही का?"

तुम्हाला सांगते, मी घाबरट नाही, मी दचकते. दोन्हींत फरक आहे. घाबरट माणूस वस्तूला हातच लावत नाही, मी हात लावते आणि मग दचकते. आणि आमचं काम तरी काय? घरपोच माल विकणाऱ्या कंपनीसाठी वस्तू आधी आपण वापरून बघायच्या आणि पास की नापास ते लिहायचं. पास झाली की हजारो नग रवाना. आता या कामाला निर्धास्त माणूस घेऊन काय उपयोग, सांगा बरं? पण साहेबांना ते पटत नाही. मी मागे किटली नापास केली, कारण पाणी उकळलं की ती अशी खट्‌ करून बंद व्हायची की... जाऊ द्या. मग छत्री नापास केली, ती तर सरळ अंगावरच आली होती. त्यावर साहेब म्हणाले, "हे बघा, तुमचे सहा महिने शुक्रवारी संपतायत. कायम करायचं की नाही ते मी या टॉर्चच्या अहवालावर ठरवणार. आणि नापास करायची तर दोष दाखवा. तुम्ही दचकलात हा दोष वस्तूचा नाही."

म्हणजे माझी नोकरी कशावर टांगलेली? बोटाएवढ्या टॉर्चवर.

मग मी सगळं रीतसर केलं. कमरेच्या उंचीवरून तीनदा फरशीवर पाडली, त्यातलं एकदा ठरवून आणि दोनदा कोणीतरी मागून हाक मारली म्हणून, पण पडणं ते पडणंच ना? काच शाबूत. खिशाला अडकवायची पट्टी मात्र तिसऱ्या वेळी सैल झाली, ती लिहिली. आट्यांतली करकर लिहिली. आणि दुपारी दोनला उजेड तपासायला काळ्या खोलीत शिरले.

काळी खोली म्हणजे जिन्याखालची जुन्या फायलींची कोठी. खिडकी नाही, भिंतींना काळा रंग, समोर एक पांढरा कागद चिकटवलेला, त्यावर झोत टाकायचा. दार लावलं की भरदुपारी स्वतःचा हात दिसत नाही. आणि दाराबाहेर पाटी. ही पाटी, तुम्हाला सांगते, माझ्या हातची आहे. झालं असं, की पूर्वी कोणीही कधीही दार उघडायचं. एकदा पॅकिंगच्या मावशी "चहा घेतेस का गं?" म्हणून डोकावल्या, मी किंचाळले, मावशींच्या हातचा ट्रे गेला. एकदा दारावरचे काका आले, मी किंचाळले, काकांनी शिटी फुंकली, खालच्या मजल्यावरचे लोक रस्त्यावर जाऊन उभे राहिले. आणि एकदा मीच चौथ्या मिनिटाला आतून "दार उघडा, दार उघडा" केलं, पायावरून काहीतरी गेलं म्हणून. माझीच ओढणी होती. साहेब म्हणाले, "नियम करा." मी शिकलेली, मी कलमंच पाडली. एक, चाचणी चालू असताना दार उघडू नये. दोन, मोबाइल आत नेऊ नये, त्याचा उजेड पडतो. तीन, आतून किंचाळी आल्यास ती चाचणीचा भाग समजावी. चार, चाचणी करणारी व्यक्ती स्वतः दार उघडा म्हणाली तरी वेळ संपेपर्यंत उघडू नये. खाली माझी सही, लफ्फेदार.

पाटीवर लिहिलं, "दोन ते तीन." कारण खोक्यावर लिहिलेलं, "एक तास अखंड प्रकाश." मोबाइल बाहेर स्टुलावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

झोत कसा होता म्हणाल, तर भिंतीवर गोल पडला खरा, पण मधोमध एक फिका खळगा, म्हणजे जिथे नजर लावायची नेमकं तिथेच कमी. रंग निळसर, त्याच्याभोवती एक पिवळट कडं, आणि त्या उजेडात माझा हात असा दिसत होता की मी तो लगेच खिशात घातला. वहीत लिहिलं, "मध्यभाग अंधुक, कड पिवळी." छान चाललं होतं. आणि अकराव्या मिनिटाला टॉर्च गेली. आधी मंद नाही, लुकलुक नाही, काही नाही. होती आणि नाही.

मी घाबरले नाही. मी दचकले. दचकून दाराची मूठ धरली, ओढली, आणि मूठ हातात आली. दार तिथेच.

"मावशी, दार उघडा," मी म्हटलं. बाहेर पावलं थांबली. पाटी वाचल्यासारखी शांतता. मग मावशींचा आवाज, "चार नंबर बघ गं बाई," आणि पावलं गेली. मी किंचाळले. काका लांबून म्हणाले, "तीन नंबर." तेवढ्यात स्टुलावर माझा मोबाइल वाजला. आई. रोज दुपारी मी जेवले का ते विचारायला करते. वाटलं, सुटले. फोन काकांनी उचलला. "हां, बोला... नाही, त्या आत आहेत... हो, ओरडतायत ना... छे छे, काळजी नको, ओरडतायत म्हणजे काम व्यवस्थित चाललंय."

आता तुम्ही काय केलं असतं? मी खाली बसले. हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मूठ. काहीतरी करायचं म्हणून टोपण काढलं, बोट घातलं. आत स्प्रिंग, आणि ती आखूड. सेलला जेमतेम टेकत होती. टोपण लावून बटण अंगठ्याने जीव खाऊन दाबलं, उजेड आला. अंगठा सैल केला, गेला. दाबला, आला. म्हणजे दोष सापडला की हो! अंधारात, हाताने. कोणाच्या दचकण्याचा काही संबंध नाही. आणि सांगायला कोणी नाही.

मग एकदम सुचलं, दाराखाली फट आहे. मी फरशीवर आडवी झाले, टॉर्च फटीला लावली, अंगठा दाबून झोत बाहेर सोडला आणि दुसऱ्या हाताने मूठ दारावर आपटत राहिले. आपट, हाक, आपट, हाक. अंगठा लाल झाला असणार, दिसत नव्हता. बऱ्याच वेळाने फटीपलीकडे दोन बूट थांबले.

"व्वा," साहेबांचा आवाज. "अहो, तुमचा उजेड भरदुपारी माझ्या बुटांवर पडलाय. काय जोर आहे. एवढा वेळ टिकला म्हणजे प्रश्नच नाही. ही टॉर्च पास आणि तुम्हीही पास. कायम करतो तुम्हाला."

तुम्हाला सांगते, सगळी नोकरी माझ्या अंगठ्याखाली होती. दाबून धरला की कायम. पण हजारो टॉर्च जाणार, कोणी रात्री जिन्यात, कोणी आजारी माणसाच्या उशाशी लावणार, त्या प्रत्येकीबरोबर मी माझा अंगठा पाठवू का? मी तो उचलला.

उजेड गेला. बाहेर साहेब केवढ्यांदा "अगं आई गं" म्हणाले, आणि बूट एकदम फटीपासून लांब.

"असा कसा गेला एकदम? दचकलो ना मी."

"साहेब," मी अंधारात आडवी पडून, अगदी शांतपणे म्हटलं, "तुम्ही दचकलात हा दोष वस्तूचा नाही. स्प्रिंग आखूड आहे, तो वस्तूचा. आणि मूठ माझ्या हातात आलीये, दार उघडा."

साहेब पुन्हा फटीशी आले. मग म्हणाले, "बरं. नापास लिहितो, दोष पटला. पण दार आता तीनलाच उघडेल हो... कलम चार. सही तुमचीच आहे."